वैजूच्या घरापुढचं ‘ठीक’

अभयचा नागपूरहून फोन आला तेव्हा मी टेक्सासमधल्या अर्विंगच्या भारतीय दुकानात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. बाहेर नुसती भट्टी पेटलेली. “मेधा, वैजू फोन उचलत नाहीये गं,” तो म्हणाला. आवाज अगदी शांत, नको इतका शांत. मग स्वतःचीच समजूत काढावी तसा पुढे म्हणाला, “पण पानावर ठीक आहे. मी आत्ताच बघितलं. आमच्या घरापुढे ठीक लिहिलंय.” मी मेथी तिथेच टाकली, गाडीत येऊन बसले, एसी लावला आणि फोनवर ते पान उघडलं. खरंच होतं. अभय-वैजू : ठीक. साधी काळी अक्षरं, पांढरं पान, ना चित्र ना रंग. मी पान पुन्हा उघडलं. ठीक. पुन्हा उघडलं. ठीक. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये माझी उभी हयात गेली आहे, संशय घेण्याचाच पगार मिळतो मला, आणि त्या क्षणी मला त्या दोन अक्षरांची जेवढी भीती वाटली तेवढी आजवर कशाचीच वाटली नव्हती. कारण ती अक्षरं कुठून येतात हे मला माहीत होतं.

वैजू म्हणजे वैजयंती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर आम्ही एका खोलीत राहायचो. मी पुण्याचीच, पण घरात भांडण करून होस्टेलवर आलेली. ती नागपूरची, आली ती संत्र्यांची पेटी आणि प्रचंड मोठा आवाज घेऊन. पहिल्याच दिवशी मी तिला “जरा हळू बोलशील का?” असं विचारलं, तर म्हणाली, “काहून? इथे कोणी आजारी आहे का?” त्या दिवसापासून आमची मैत्री जी जमली ती जमलीच. नंतर दोघींची लग्नं झाली, व्हिसा झाले. मी अर्विंगला आले, ती अभयच्या तेलकंपनीतल्या नोकरीपायी शुगर लँडला. मधे चार-पाच तासांचा रस्ता. टेक्सासच्या हिशोबात हे म्हणजे शेजारीच. दर उन्हाळ्यात एकदा ती यायची, दर थंडीत एकदा मी जायचे, आणि एरवी रोज फोन. ती प्रोग्रॅमर, मी टेस्टर. ती बनवणार, मी चुका काढणार. नवराबायको बनून राहिलो असतो तर याहून जास्त भांडलो नसतो.

आता त्या पानाविषयी. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे मोठं वादळ झालं. वीज गेली, रस्त्यांवर पाणी, फोनला कसाबसा सिग्नल. मराठी मंडळींच्या ग्रुपवर मेसेजचा नुसता पूर... कोण कुठे अडकलंय, कोणाच्या घरात पाणी शिरलंय, आणि त्यातच देवांचे फोटो, सुप्रभात आणि वादळाचे जुनेच व्हिडिओ. भारतातून आईवडिलांचे सारखे फोन, त्यात बॅटऱ्या संपलेल्या. वैजूचं डोकं फिरलं. वीज आल्यावर पहिली गोष्ट तिने काय केली असेल, तर वेबसाइट बनवली. लॉगिन नाही, ॲप नाही, डेटाबेस नाही. प्रत्येक घराची एक छोटी फाइल, त्यात साधा मजकूर. आणि एक लहानसा प्रोग्रॅम त्या सगळ्या फायली वाचून एक पान तयार करून ठेवणार. पान इतकं हलकं, की मरतुकड्या सिग्नलवरही उघडेल. वादळ आलं की लोकांनी तिला एक मेसेज टाकायचा, ती फाइलमध्ये ओळ लिहिणार, पान नव्याने तयार करून चढवणार. नागपूर, पुणे, सोलापूर, जिथे कुठे कोणाचे आईबाप असतील त्यांनी ते उघडायचं आणि निवांत झोपायचं.

मला तिने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दाखवलं. एका हाताने तर्रीपोहे खात होती, दुसऱ्या हाताने टाइप करत होती. “हे बघ, मार्कडाऊन म्हणतात याला. ओळीच्या आधी हॅश टाकला की मथळा झाला. दोन्हीकडून दोन-दोन चांदण्या टाकल्या की अक्षर ठळक. संपलं! माझ्या आईलाही जमेल.” आणि खरंच, पंचवीस-तीस घरांच्या फायली तिने भराभर बनवल्या आणि एक कमांड दिल्याबरोबर पान तयार. इतकी खूश होती! मी माझ्या सवयीप्रमाणे तोंड वाकडं केलं. कारण तिने अजून एकाही फाइलमध्ये मथळ्याखाली काही लिहिलं नव्हतं, तरी पानावर सगळ्या घरांपुढे ‘ठीक’ उमटलं होतं. “हे कुठून आलं?” मी विचारलं. म्हणाली, “मीच ठेवलं ना तसं. कोणी काही कळवलं नाही तर आपोआप ठीक दाखवायचं.” मी म्हटलं, “वैजू, कळवलं नाही म्हणजे माहीत नाही. ठीक कसं?” तर हातातला चमचा माझ्यावर रोखून म्हणाली, “रिकामी जागा दिसली की तिकडे म्हातारी माणसं घाबरतात, बाप्पा. आपल्याकडे कळवलं नाही म्हणजे ठीकच असते.” मी विचारलं, “आणि लिहिणारंच कोणी उरलं नाही तर?” ती खळखळून हसली. “तर पान जसंच्या तसं राहीन. स्टॅटिक साइट आहे ना ती!”

ती हसली, मी नाही. त्यावरून आमचं भांडण झालं, सालाबादप्रमाणे तिने ते जिंकलं, आणि पानावर ठीक राहिलं.

राहिलं, कारण तिचं म्हणणं खोटं नव्हतंच. आपल्याकडे तसंच असतं. गेली वीस-पंचवीस वर्षं आम्ही सगळे इथून तिकडे एकच शब्द पाठवत आलोय. नोकरी गेली, इकडे सगळं ठीक. व्हिसा अडकला, सगळं ठीक. वैजूच्या पोटातली गाठ काढली तेव्हा तिने हॉस्पिटलच्या बेडवरून आईला व्हिडिओ कॉल लावला होता, गाऊन दिसू नये म्हणून गळ्यापर्यंत शाल ओढून, आणि आईला गणपतीच्या मोदकांची उकड कशी काढायची ते विचारत होती. मी शेजारच्या खुर्चीत बसून तिच्याकडे नुसती बघत राहिले होते. आणि तिकडूनही तेच येतं बरं का. अभयच्या वडिलांना महिनाभर छातीत दुखत होतं, पण फोनवर रोज “ठीक, ठीक”. बायपास करायची वेळ आली तेव्हा कुठे त्याच्या बहिणीने न राहवून कळवलं, आणि तो मिळेल ते तिकीट काढून नागपूरला धावला. म्हणून तर यंदाच्या वादळात वैजू घरी एकटी होती. मुलगी रेवा शिकागोजवळ नेपरव्हिलला नोकरीला. दोन टोकांना दोन घरं एकमेकांना सांभाळत होती, आणि दोघांनाही एकमेकांचं खरं काही ठाऊक नव्हतं.

वादळ येणार हे आठवडाभर आधीपासून कळत होतं. टीव्हीवरच्या नकाशातला तो पांढरा सुळका रोज थोडा थोडा त्यांच्या बाजूला सरकत होता. मी म्हटलं, “ये ना अर्विंगला, गाडी काढ आणि नीघ.” तर म्हणे, “मी आली तर पान कोण बघेन?” तिने पाणी भरून ठेवलं, खिडक्यांना फळ्या लावल्या. मागच्या वर्षी वीज बरेच दिवस गेली होती म्हणून एक जनरेटर घेऊन ठेवला होता, तो पुसून तयार केला. आदल्या संध्याकाळी तिने मला व्हिडिओ कॉलवर मागचं अंगण दाखवलं. आभाळ पिवळं पडलेलं, एक पान हलत नव्हतं. घरामागच्या ओढ्यावर रोज कलकलाट करणारे पक्षी कुठे गेले होते कोण जाणे. “किती शांत आहे बघ,” ती म्हणाली. मला मुळीच आवडलं नाही ते.

दुसऱ्या दिवशी पहाटे वादळ आलं आणि दुपारपर्यंत ओसरलं. पाऊस मात्र थांबेना. वीज गेली होती. दिवसभर पान बदलत होतं, आणि ते बदलतंय म्हणजे वैजू कामाला लागली आहे हे बघून मला बरं वाटत होतं. कोणाचं कुंपण पडलं, कोणाच्या गाडीवर झाड, कोणाकडे लहान बाळ आहे आणि बर्फ हवाय. तिचा लॅपटॉप, फोन, इंटरनेटचा डबा, सगळं जनरेटरवर चाललं होतं. संध्याकाळी तिने मला आवाजी मेसेज पाठवला. “सगळे सापडले यार, एक घर सोडून सगळ्यांशी बोलणं झालं. डोकं जड झालंय माझं. थोडी पडते.” पाठीमागे एक सलग घरघर ऐकू येत होती. मी तो मेसेज नंतर ऐकला आहे... किती वेळा ते सांगत नाही. मला कोणी विचारलं असतं तर मीही जागरणानेच डोकं दुखत असणार असं सांगितलं असतं.

जनरेटर तिने गराजमध्ये लावला होता. बाहेर पाऊस तिरका येत होता, मशीन भिजेल म्हणून आत घेतलं आणि गराजचं दार अर्धं वर ठेवलं. पुरेल असं वाटलं असणार. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, आणि तो घरात शिरतो तेव्हा काही कळत नाही. तिच्याच वेबसाइटवर वादळाच्या तयारीचं एक वेगळं पान आहे. त्यावर तिने स्वतः लिहिलंय, जनरेटर घरात किंवा गराजमध्ये लावू नका, आणि ते ठळक केलंय, दोन्हीकडून चांदण्या टाकून. मी तिच्यावर रागावले आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावले आहे, आणि तिला समोर बसवून भांडता येत नाही म्हणून जास्तच.

त्या दिवशी अभयचा फोन ठेवल्यावर मी वैजूच्या समोरच्या घरातल्या कुसुमकाकूंना लावला. काकू सत्तरीच्या पुढच्या, मुलाकडे राहतात. वैजूचं आणि त्यांचं भाजीची वाटी देण्याघेण्याचं नातं. काकू मुलाला घेऊन रस्ता ओलांडून गेल्या. मी फोन कानाला लावून गाडीत बसले होते. त्यांच्या चपलांचा पाण्यातला आवाज, दार वाजवल्याचा आवाज, मग मुलाचा “आई, तू आत येऊ नकोस” असा आवाज... आणि मग काकूंनी फोन बंद केला. मी तशीच निघाले. शुगर लँडला पोचेपर्यंत दिवस कलला होता, सिग्नलचे दिवे बंद, चौकाचौकात गाड्या चाचपडत पुढे सरकत होत्या. काकू आपल्या पायरीवर बसून होत्या. मला बघून म्हणाल्या, “सकाळी उठल्या उठल्या पान बघितलं गं मी. ठीक होतं. म्हटलं, पोर काल दिवसभर राबली, झोपू दे.” रस्ता तो केवढासा! त्यांच्या खिडकीतून तिचं ते अर्धं उघडं दार दिसत होतं. आणि एकट्या काकूंनीच का, ग्रुपमधल्या प्रत्येकाने सकाळी ते पान उघडलं होतं. तळाशी शेवटच्या बदलाची वेळ होती, पण ती कोण बघतं? नागपूरला वैजूच्या आईने तर शेजारणीला फोन दाखवला होता, आमची वैजू ठीक आहे म्हणून. नंतर मी त्यांच्याशी बोलले तेव्हा त्या पुनःपुन्हा एकच विचारत होत्या, “पानावर तर ठीक होतं ना गं, मेधा?” यात कोणाचा म्हणून दोष काढू? कोणाचाच नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

दिवसवार झाले, पाहुणे पांगले. एका दुपारी अभय, रेवा आणि मी त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. समुद्रात पुन्हा एक वादळ शिजत होतं, सीझनच तो. ग्रुपवर लोक दबकत विचारायला लागले होते, पान चालू राहणार का? अभय म्हणाला, “बंद करून टाका. मला ते परत बघायचं नाहीये.” रेवाने आईचा लॅपटॉप ओढला आणि फायली उघडायला सुरुवात केली. तिला मराठी बोललेलं सगळं कळतं, वाचताना अडखळते, म्हणून मी शेजारी बसून वाचून दाखवत होते. कुलकर्णी, छप्पर गळतंय, ताडपत्री दिली. पाटील, बाळाला बर्फ पोचला. एकेका घरासाठी वैजूने किती लिहिलं होतं! मग तिच्या स्वतःच्या घराची फाइल आली. वर हॅश, अभय-वैजू, आणि खाली काही नाही. रेवा कर्सर खाली खाली नेत राहिली.

“मावशी, सो शी नेव्हर रोट इट?”

“नाही.”

“देन हू सेड शी वॉज ओके?”

अभय उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. बायकोच्या हातचं म्हणून तो ज्या शब्दावर दिवसभर विसंबला होता, तो कोणीच लिहिलेला नव्हता. एक घर सोडून सगळ्यांशी बोलणं झालं असं ती म्हणाली होती, आणि ते एक घर तिचंच होतं की काय, हे आता मला कधी कळणार नाही.

खिडकीशी उभा राहूनच तो म्हणाला, “चालू ठेवा. पण असं नको.” मग आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. फाइलमध्ये काही लिहिलं नसेल तर पानावर रिकामी जागा दिसणार. आणि आपल्या घराचं आपण कळवायचं नाही. फोनवर “ठीक आहे” म्हटलेलं चालणार नाही. शेजाऱ्याने जाऊन, दार उघडायला लावून, डोळ्यांनी माणूस बघायचा आणि जे दिसलं ते कळवायचं. तेच लिहिलं जाणार. लिहायचं काम रेवा नेपरव्हिलहून करणार. प्रोग्रॅममधली फार तर एक ओळ बदलावी लागली. रेवाने कमांड दिली, पान नव्याने तयार झालं, आणि सगळी घरं कोरी. अभय दचकला. “हे असं बघून तिकडे लोक घाबरतील गं.” मी म्हटलं, “घाबरू देत. घाबरले तर कोणीतरी उठून जाईल.” वैजू असती तर माझ्याशी कडाकडा भांडली असती.

मागच्या आठवड्यात ते दुसरं वादळ आलं. मोठं नव्हतं, काठाने गेलं, पण तिकडची वीज गेली. इथे ऑफिसची मीटिंग चालू होती, आणि मी टेबलाखाली फोन धरून पान उघडत होते. एकेक रिकामी जागा भरत होती. अमक्याला पाहिलं, आजोबांचा पाय मुरगळलाय. तमक्यांना पाहिलं, सगळे पत्ते खेळतायत. अभयच्या घरापुढे काही नाही. पुन्हा उघडलं, काही नाही. मीटिंगमधून उठून मी त्याला फोन लावला, आणि त्याने उचलला. “अगं, मी ठीक आहे,” तो म्हणाला. “रेवाला सांग, लिहून टाक.”

“नाही लिहिणार ती. काकू येतीलच बघायला. दार उघड.”

“एवढ्या पावसात? त्यांना म्हणावं, मी बोलतोय ना फोनवर...”

तेवढ्यात दार वाजलं. फोन त्याच्या हातात तसाच चालू राहिला असावा. कडी काढल्याचा आवाज, पावसाचा आवाज, आणि मग काकूंचा. “बाहेर ये रे जरा. असा उजेडात ये. नीट बघू दे तुझ्याकडे.” नंतर मला जे ऐकू आलं त्यावर मी फोन ठेवून दिला. ते त्या दोघांपुरतंच होतं.

थोड्या वेळाने मी पान उघडलं. काकूंनी सांगितलं ते रेवाने शब्दाला शब्द उतरवलं होतं, अडखळत, पण एकही अक्षर न गाळता. “अभयला पाहिले. जेवला नाही कालपासून. खूप रडतो आहे. मी डबा घेऊन जाते.” नागपूरला त्याचे आईवडील आता हे वाचतील, वैजूची आई वाचेल, या विचाराने मी एकदम हबकले. रेवाला फोन करून ते काढायला सांगावं म्हणून तिचा नंबरही काढला... आणि मग राहू दिलं. वाचू देत त्यांना. वैजूच्या पानावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या घराविषयी खरं लिहून आलं होतं.